सुरतेच्या वखारीतली माणसं

सुरतेला आजवर साड्यांच्या खरेदीसाठी गेले, लग्नांना गेले. कबरी बघायला म्हणून गेले ती या डिसेंबरात, पहिल्यांदा.

स्टेशनवर रिक्षा केली. 'कतारगाम रोडवरचं अंग्रेज कब्रस्तान' असं हिंदीत समजावत होते, तेवढ्यात घरून फोन आला आणि माझं मराठी ऐकून रिक्षावाल्या भाऊंनी मागे वळून बघितलं. मूळचे शिरपूरकडचे, आता लिंबायतला राहतात. सुरतेत खानदेशी माणूस पावलोपावली भेटतो. "तठे काय शे, ताई?" त्यांनी विचारलं. म्हटलं, महाराज सुरतेवर चालून आले तेव्हा इंग्रजांच्या वखारीचा जो मुख्य होता ना, तो पुरलाय तिथे. भाऊंनी रिक्षा फाटकाशी उभी केली, मीटर बंद केलं आणि माझ्यासोबत आत आले.

बाहेर कतारगामचा हिऱ्यांचा धंदा आणि वाहनांचा गोंगाट, आत चिंच-लिंबाची सावली आणि घुमटच घुमट. ख्रिस्ती दफनभूमी म्हटल्यावर डोळ्यांपुढे क्रूस येतात. इथे कमानी, खांब, मनोरे. लांबून एखादा दर्गाच वाटावा. सतराव्या शतकात इथे आलेल्या गोऱ्या व्यापाऱ्यांनी मुघल अमीर-उमरावांचे मकबरे बघितले आणि मेल्यावर आपलाही तोच थाट हवा असं ठरवलं. भाऊंनी पायरीपाशी चपला काढल्या. मग मीही काढल्या.

सगळ्यांत मोठी वास्तू ऑक्झेंडन बंधूंची. दोन मजली, सुमारे ४० फूट उंच. धाकटा ख्रिस्तोफर १६५९ मध्ये गेला, थोरला सर जॉर्ज १६६९ मध्ये. आपण शाळेत शिकलो ती सुरतेची लूट जानेवारी १६६४ ची. मुघल सुभेदार इनायत खान किल्ल्यात दडून बसला आणि शहर उघडं पडलं. तेव्हा जॉर्जनं सुवाळी बंदरातल्या जहाजांवरून खलाशी बोलावून घेतले, वखारीवर तोफा चढवल्या आणि खंडणी द्यायला नकार दिला. वखार वाचली. औरंगजेबानं खूश होऊन इंग्रजांना जकातीत सूट दिली. पुढे १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजानं मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला दिलं तेव्हा कंपनीतर्फे पहिला गव्हर्नर झाला तो हाच. वर्षाच्या आत तो सुरतेतच वारला.

मी महाराजांची माणूस. तरी त्या घुमटाखाली उभं राहून त्या माणसाबद्दल आदरच वाटला, हे प्रामाणिकपणे सांगते. भरल्या शहरात सगळे पळत असताना आपल्या दाराशी उभं राहणं सोपं नसतं, आणि महाराजांच्या फौजेसमोर तर नाहीच.

"यातल्या कोणी महाराजांना डोळ्यांनी बघितलं होतं का?" भाऊंनी विचारलं. तो प्रश्न ऐकून मला फार बरं वाटलं. त्या लुटीत अँथनी स्मिथ नावाच्या इंग्रजाला पकडून महाराजांपुढे नेलं होतं, ते सांगितलं. मग हेन्रीचं सांगितलं. याच ऑक्झेंडन घराण्यातला हेन्री १६७४ मध्ये मुंबईहून वकील म्हणून रायगडावर गेला, राज्याभिषेकाला हजर राहिला आणि त्यानं तो लिहून ठेवला. सिंहासनासमोर त्यानं लांबूनच मुजरा केला आणि दुभाषा नारायण शेणवी यानं नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरून दाखवली. भाऊ बराच वेळ काही बोलले नाहीत.

ख्रिस्तोफरच्या लॅटिन लेखाचा अनुवाद मी आधीच वाचून गेले होते. व्यापाऱ्याचा मृत्युलेख, म्हणून सगळा चोपडीच्या भाषेत. याच्या खात्यात वर्षं नाहीत, नुसते दिवसच मांडता आले, कारण मृत्यूनं अचानक हिशेब मागितला. मालकांचा नोकर गेला, आमचा सोबती गेला, त्याचा जीव गेला. पण चोपडीच्या दुसऱ्या बाजूला मरण हाच लाभ म्हणून लिहा. साडेतीनशे वर्षांपूर्वी, घरापासून हजारो कोस लांब, कोणीतरी जमाखर्चाच्या शब्दांत एवढं रडलं होतं.

१६४९ साली वारलेला वखारीचा अध्यक्ष फ्रान्सिस ब्रेटनही याच आवारात आहे. लहान मुलांच्या कबरी मात्र मी फार वेळ बघू शकले नाही.

डचांची आणि आर्मेनियनांची दफनभूमी तिथून जवळच. आर्मेनियनांच्या कबरी जमिनीलगत, नुसत्या शिळा. डचांकडे मात्र हेंड्रिक व्हॅन रीडची दुहेरी घुमटाची कबर आहे, इंग्रजांवर मात करायची म्हणूनच बांधल्यासारखी. हा कोचीनचा डच अधिकारी. डिसेंबर १६९१ मध्ये कोचीनहून सुरतेला येताना मुंबईजवळ समुद्रातच त्याला मरण आलं. मलबारच्या वनस्पतींवरचा 'हॉर्टस मलाबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ त्यानं करवून घेतला. त्याचा पहिला खंड १६७८ मध्ये ॲमस्टरडॅमला छापला. त्यात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांची साक्ष आहे, कोकणीत, नागरी लिपीत. आपली अक्षरं छापली गेल्याच्या अगदी सुरुवातीच्या खुणांपैकी ही एक.

फोनमध्ये ठेवलेला त्या पानाचा फोटो मी भाऊंना तिथेच दाखवला. त्यांनी तो दोन बोटांनी मोठा केला आणि एकेक अक्षर लावत वाचायला लागले.