दशांश मिलिमीटरचे अंतर

आजी स्वयंपाकघराच्या दारात मेथी निवडत बसली होती आणि खिडकीतून येणारा सकाळचा उजेड तिच्या चेहऱ्याच्या एका बाजूवर पडला होता. साधारण एक मीटर अंतरावरून, रेंजफाइंडरमधल्या, म्हणजे दोन प्रतिमा एकमेकींवर आणून अंतर जुळवणाऱ्या यंत्रणेतल्या, दोन्ही प्रतिमा तिच्या डोळ्यावर तंतोतंत जुळवून मी छायाचित्र घेतले. संगणकावर ते मोठे करून पाहिले, तेव्हा डोळे किंचित मऊ, म्हणजे धूसर, होते आणि कानशिलावरचे पांढरे केस मात्र एकेक मोजता येतील इतके स्पष्ट होते. तिसऱ्या आणि चौथ्या प्रयत्नातही चूक नेमकी तेवढीच आली, तेव्हा ती हाताची नाही याची मला खात्री पटली.

कॅमेरा २०१७ साली बाजारात आलेला लायका एम१० आहे आणि त्यावर लावलेली लेन्स १९५९ सालची ज्युपिटर-८ आहे, ५० मिलिमीटर नाभीय अंतराची, एफ/२ (एफपुढचा आकडा जितका लहान, तितके प्रकाशाचे छिद्र मोठे आणि स्पष्ट येणारा भाग उथळ). हे साल मला लेन्सवरच्या क्रमांकाच्या पहिल्या दोन अंकांवरून कळले. ती मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्यात तयार झाली, परंतु तिचे मूळ जर्मनीत आहे. झाइस कंपनीतील लुडविग बर्टेले यांनी आखलेली झोनार ही लेन्स १९३२ साली कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासोबत आली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ती रचना सोव्हिएत संघाकडे गेली. सहा काचा तीन गटांत अशा बसवल्या आहेत की हवेला लागणारे पृष्ठभाग केवळ सहाच राहतात. काचेवर परावर्तनरोधक लेप देण्याची पद्धत रूढ होण्यापूर्वी प्रत्येक पृष्ठभागावर चार-पाच टक्के प्रकाश परतून वाया जात असे, आणि म्हणूनच हे सहा पृष्ठभाग म्हणजे बर्टेले यांच्या बुद्धीची खरी करामत होती, असे मला वाटते.

चुकीचे कारणही याच वंशावळीत सापडले. लायकाचा रेंजफाइंडर ५१.६ मिलिमीटरची लेन्स गृहीत धरून चालतो, तर कॉन्टॅक्सचे आणि त्यामागोमाग सोव्हिएत लेन्सचे प्रमाण ५२.४ मिलिमीटर होते. ३९ मिलिमीटरचे आटे सारखेच असल्यामुळे लेन्स बसते, एक मिलिमीटर जाडीच्या अडॅप्टरने ती एम माउंटवरही, म्हणजे माझ्या कॅमेऱ्याच्या लेन्स-जोडणीवरही, चोख बसते, आणि अनंत अंतरावर, म्हणजे फार दूरच्या वस्तूंसाठी, सारे बरोबर दिसते. परंतु एक मीटरवरच्या वस्तूसाठी एका प्रमाणाची लेन्स सुमारे २.९८ मिलिमीटर पुढे यावी लागते, तर दुसऱ्या प्रमाणाची ३.०८ मिलिमीटर. हा एक दशांश मिलिमीटरचा फरक कॅमेऱ्याला कळत नाही, त्यामुळे फोकस विषयाच्या सुमारे तीन सेंटिमीटर मागे जातो. एफ/२ ला एक मीटरवर विषयाच्या मागेपुढे जेमतेम अडीच-अडीच सेंटिमीटर भाग स्पष्ट राहतो, हे लक्षात घेतले की आजीचे केस स्पष्ट आणि डोळे मऊ का आले याचा उलगडा होतो. यात दोष कुणाचाच नाही. दोन देशांतल्या कारखान्यांनी दोन वेगवेगळी मापे प्रमाण मानली होती, इतकेच.

उपाय सोपा निघाला. या लेन्सचा काचांचा गट बाहेरच्या नळीतून हाताने फिरवून वेगळा काढता येतो आणि त्या दोहोंच्या मध्ये एक पातळ धातूची चकती असते. नेहमीच्या झेरॉक्सच्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते, म्हणून मी आधी कागदाचीच एक कडी कापून त्या चकतीवर ठेवली आणि तिरप्या ठेवलेल्या मोजपट्टीचे छायाचित्र घेतले. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, लेन्समधून येणारी प्रतिमा मोठी करून पाहताना रेंजफाइंडरने दाखवलेला आकडा आणि प्रत्यक्षात सर्वांत स्पष्ट आलेला आकडा प्रथमच एक झाला, आणि तो आनंद खरोखर मोठा होता. नंतर कागदाच्या जागी त्याच जाडीची पितळी कडी आली, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि बुरशीला आमंत्रण देतो.

या बदलाची किंमत अनंत अंतरावर मोजावी लागते, कारण लेन्सचा फोकस आता सुमारे सत्तावीस मीटरच्या पलीकडे जात नाही. पर्वतीवरून शहराचे छायाचित्र घ्यायचे असेल तर मी एफ/८ ठेवतो, आणि तेवढ्यात दूरचे सारे पुरेसे स्पष्ट येते. झोनारच्या रचनेत प्रकाशाचे छिद्र म्हणजेच अ‍ॅपर्चर लहान केले की फोकस किंचित मागे सरकतो, त्यामुळे एफ/२.८ ला मी जवळच्या माणसाच्या पापणीवर नव्हे, तर नाकाच्या शेंड्याकडे झुकून फोकस धरतो. एफ/४ नंतर ही काळजी उरत नाही. अ‍ॅपर्चरच्या कड्याला टप्पे नाहीत, ते तुपासारखे सलग फिरते, आणि म्हणून प्रत्येक वेळी लेन्सकडे पाहून आकडा वाचावाच लागतो.

इतके सांभाळून घ्यावे असे या लेन्सने काय दिले, तर उजेडाकडून सावलीकडे जाणारा असा संथ उतार, जो माझ्याकडच्या नव्या लेन्समध्ये मला दिसत नाही. पुढच्या रविवारी आजी पुन्हा त्याच दारात बसली, या वेळी लसूण सोलत. एफ/२, एक मीटर, खिडकीचा तोच उजेड. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या स्पष्ट आल्या, तिच्या कानशिलापासून मागे चित्र हळूहळू विरत गेले, आणि मागच्या फडताळातले पितळी डबे नुसते सोनेरी गोल होऊन उरले.