उडी नंतर, आधी ब्रेक

जूनमध्ये एनबीए ड्राफ्ट (अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमधल्या संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याचा सोहळा) जवळ आला की मला ठरलेला प्रश्न येतो: एकोणीस वर्षांच्या पोरात तुम्ही नेमकं बघता काय? उडी?

उडी काय, कुणालाही दिसते. मी तो थांबतो कसा ते बघतो. भरधाव रिंगकडे निघालेला पोरगा एका-दोन पावलांत जागच्या जागी थांबला, की डिफेंडर पुढे वाहवत जातो आणि शॉटला मोकळी जागा मिळते. थांबताना कंबर खाली जाते का, गुडघा आत वळतो का, तोल जाऊन जास्तीचं पाऊल पडतं का, हे बघायचं. त्यासाठी व्हिडिओ बघताना बॉलवरची नजर काढून बुटांवर ठेवावी लागते. सुरुवातीला कंटाळा येतो.

एनबीएचा स्टार लुका डॉन्चिचचंच घ्या. 2018 मध्ये तो रेआल माद्रिदकडून युरोलीग, म्हणजे युरोपातली मोठी क्लब स्पर्धा, जिंकून आणि तिथला एमव्हीपी (सर्वात मोलाचा खेळाडू) होऊन आला होता. तरी हळू आहे, अंगाने जड आहे, ही कुरकुर होतीच. डीआंद्रे एटन आणि मार्विन बॅगली त्याच्या आधी निवडले गेले. सांता बार्बराच्या पी-थ्री या प्रयोगशाळेत फोर्स प्लेट (पायाचा जोर मोजणारी फळी) आणि कॅमेऱ्यांनी खेळाडूंची हालचाल मोजतात. तिथे लुकाची ताकद सापडली ती वेग मारण्यात, म्हणजे ब्रेक लावण्यात. एनबीएचा दुसरा स्टार जेम्स हार्डन, त्याचंही तेच.

वजनं उचलण्याच्या चाचणीला मी फार भाव देत नाही. 2007 मध्ये केव्हिन ड्युरंटला 185 पौंडांची बेंच प्रेस एकदाही जमली नव्हती, तरी तो दुसरा निवडला गेला, आणि पुढे एनबीएच्या मोठ्या खेळाडूंपैकी एक झाला. नेमबाजीसाठी मात्र फ्री थ्रोची (फाउलनंतर कुणी न अडवता मारायच्या शॉटची) टक्केवारी बघाच. कॉलेजच्या एका मोसमात थ्री-पॉइंटचे (लांबून मारलेल्या तीन गुणांच्या शॉटचे) प्रयत्न इतके थोडे असतात की तो आकडा फसवतो.

यावर हमखास पुढचा प्रश्न: "पण उंची?" सतनाम सिंग भामरा, पंजाबचा, सात फूट दोन इंच. 2015 मध्ये डॅलसने त्याला 52 वा निवडला, तेव्हा आपण सगळेच हरखलो होतो. एनबीएच्या मोसमातला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. उंच खेळाडूलाही आता रिंगपासून लांब येऊन चपळ गार्डसमोर (बॉल खेळवणाऱ्या छोट्या चणीच्या खेळाडूसमोर) पाय हलवावे लागतात. त्याच जूनमध्ये अंतिम मालिकेच्या चौथ्या सामन्यापासून गोल्डन स्टेट या संघाने सात फुटी अँड्र्यू बोगटला सुरुवातीच्या पाचांतून काढून त्याच्याहून बुटक्या आंद्रे इग्वोडालाला घेतलं, आणि पुढचे तिन्ही सामने जिंकले.