झाडं लावण्याआधी जरा हात आवरा

निसर्ग वाचवायचा म्हटलं की आपल्याला आधी खड्डे खणायचंच सुचतं. रोपं, बॅनर, फोटो, आणि नंतर पाणी कुणी घालायचं यावरून वाद. झाडं लावूच नका असं नाही म्हणत मी, पण काय करायचं यापेक्षा काय बंद करायचं ते आधी ठरवा, त्याचा उपयोग जास्त होतो.

गिधाडांचंच घ्या ना. गुरांना डायक्लोफिनॅक नावाचं वेदनाशामक द्यायचे, मेलेल्या गुरांच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात जायचं आणि किडन्या फेल, पांढऱ्या पाठीची गिधाडं तर ९५ टक्क्यांहून जास्त संपली. २००६ मध्ये भारतात गुरांसाठी ते औषध बंद झालं आणि मग घसरण मंदावली. वृक्षारोपणाने हे झालं असतं का?

घराजवळही तेच. लिंबाची पानं कुरतडलेली दिसली की लोक लगेच स्प्रे घेऊन धावतात. अरे, जरा वाकून बघा तरी! पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काळं-पांढरं काहीतरी दिसतं ना, ती अळी असते, कुणी खाऊ नये म्हणून घेतलेलं सोंग. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि डिवचलं की डोक्यामागून लालसर शिंगं बाहेर काढते, वास असा सुटतो की बोट आपोआप मागे (मला हे बघायला फार आवडतं, तिला अर्थातच नाही). तिचंच पुढे फुलपाखरू होतं. आता फुलपाखरू हवं आणि अळी नको, हे कसं जमायचं? दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिल्लांना अळ्या-किडेच भरवते.

पालापाचोळा जाळू नका, सुकलेलं खोड कुणाच्या अंगावर पडणार नसेल तर राहू द्या, सुतार पक्ष्याने कोरलेल्या ढोलीत नंतर पोपट नाहीतर दयाळ येतो. रात्रभर लख्ख दिवे लावून वर काजवे कुठे गेले म्हणून हळहळायचं, याला काय म्हणावं? त्यांची लग्नंच त्या लुकलुकण्यावर जमतात. घाणेरी मात्र तशीच सोडून चालत नाही हां, ती मुळासकट काढावीच लागते, नाहीतर खाली दुसरं काही उगवू देत नाही.

आणि रोपं लावायचीच असतील तर आधी जागा बघा. गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे, माळढोक, तणमोर, लांडगे तिथलेच, त्यांना उघडं रानच लागतं. तिथे खड्डे खणू नका, दुसरी जागा शोधा.