हेर्त्सबेर्गची एस्पेरांतो आणि आपलं कुठे-तिथे

मागच्या शनिवारी दशम्या आणि लसणाची चटणी बांधून घेतली आणि जर्मनीतल्या ग्योटिंगनहून हेर्त्सबेर्गला गेले. नॉर्टहाइमवरून जाणारी छोटी ट्रेन आहे, पाऊण-एक तास लागतो, डॉइचलांड तिकीट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास, असला की वेगळं काही काढायला लागत नाही. हार्त्सचे डोंगर जवळ आले की नवीन माणसाला धक्काच बसतो, कारण वरच्या अंगाला उतारच्या उतार करड्या वाळलेल्या झाडांचे. पूर्वी इथल्या खाणींना लाकूड लागायचं म्हणून सगळीकडे स्प्रूसच (सूचिपर्णी झाडं) लावले होते, मग २०१८ पासून कोरडे उन्हाळे आले आणि खोडकिड्याने जंगलंच्या जंगलं संपवली. बघून वाईट वाटतं खूप.

पण मी गेले होते ते एस्पेरांतो या भाषेसाठी. हेर्त्सबेर्ग हे डोंगराच्या पायथ्याचं जेमतेम १३ हजार वस्तीचं गाव, आणि २००६ साली इथल्या नगरपरिषदेने ठराव करून स्वतःला 'एस्पेरांतो-नगर' म्हणवून घेतलं. म्हणजे गावाच्या नावापुढे ते लावतात, जर्मनच्या जोडीला एस्पेरांतोतल्या पाट्या आहेत, एस्पेरांतोचं केंद्र आहे, लांबलांबून लोक इथे शिकायला येतात.

एस्पेरांतो ही कुणाचीच आईबोली म्हणून सुरू झालेली भाषा नाही, ती एका माणसाने बसून तयार केली. लुडविक झामेनहोफ, डोळ्यांचे डॉक्टर, जन्म १८५९, गाव बियालिस्तोक, आज पोलंडमध्ये आहे पण तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. गावात यिद्दिश (तिथल्या ज्यूंची भाषा), पोलिश, रशियन, जर्मन बोलणारे लोक आणि एकमेकांबद्दल सतत संशय. सगळ्यांना सारखीच परकी आणि सारखीच सोपी अशी एक भाषा असली तर, हा विचार त्या मुलाने सोडलाच नाही आणि १८८७ मध्ये 'डॉक्टर एस्पेरांतो' या नावाने पहिलं पुस्तक काढलं. एस्पेरांतो म्हणजे आशा धरणारा. पुढे नाझींनी या भाषेच्या संघटनांवर बंदी आणली, आणि झामेनहोफांची तिन्ही मुलं, आदाम, झोफिया आणि लिदिया, त्या काळात मारली गेली. त्याच देशातलं एक गाव आज ही भाषा अभिमानाने पाटीवर लावतं, ही गोष्ट माझ्या मनातून दिवसभर जात नव्हती.

गावात यूसझे नावाचा तलाव आहे, जमिनीखालचा खडक विरघळून जमीन खचली आणि त्यात पाणी साचलं असा तयार झालेला. तिथे बाकावर दशमी खात बसले होते तर शेजारी एक आजी येऊन बसल्या, कोटाला छोटा हिरवा तारा लावलेला. हिरवा तारा म्हणजे एस्पेरांतोवाल्यांची खूण, एवढं मला माहीत होतं, म्हणून मीच विचारलं. मग काय, आजींनी बॅगेतून वही काढली आणि तिथेच शिकवणी सुरू! नाम असेल तर शेवटी 'ओ', विशेषण असेल तर 'आ'. क्रियापद आत्ताचं असेल तर 'आस', होऊन गेलेलं 'इस', होणारं 'ओस', आणि याला अपवाद नाहीत. 'बोना' म्हणजे चांगलं, शब्दाच्या आधी 'माल' लावा, 'मालबोना', वाईट. जसं लिहिलंय तसंच वाचायचं, आपल्या देवनागरीसारखं.

आणि मग त्यांनी प्रश्न विचारायचे शब्द सांगितले आणि मी दशमी तशीच हातात धरून बसले. किए म्हणजे कुठे, तिए म्हणजे तिथे. कियाम म्हणजे केव्हा, तियाम म्हणजे तेव्हा. किएल, तिएल, कसं, तसं. किओम, तिओम, किती, तितकं. प्रश्नाला क आणि उत्तराला त, अगदी आपल्यासारखं! मी त्यांच्या वहीत समोरासमोर मराठी लिहून दाखवलं तर आजी इतक्या खुश झाल्या की मला मिठीच मारली.

मला या देशात तीन वर्षं झाली. जर्मन येतं, काम चालतं, पण कुणाशीही बोलताना मी कायम त्यांच्या अंगणात उभी असते, डेअर-डी-डासमध्ये, म्हणजे नामाच्या लिंगाप्रमाणे लागणाऱ्या शब्दांत, चूक झाली की समोरचा मनातल्या मनात सुधारतोय हे कळतं. त्या बाकावर तसं काहीच नव्हतं, कारण ती भाषा आजींचीही नव्हती. त्यांनी ती उतारवयात शिकली, गुरा या पोलंडमधल्या जोडगावाहून येणाऱ्या पाहुण्यांशी बोलता यावं म्हणून. त्यांना पोलिश येत नाही, पाहुण्यांना जर्मन येत नाही. गुरा हे १९४५ पर्यंत जर्मनीतलं गाव होतं, मग पोलंडकडे गेलं आणि तिथल्या जर्मन लोकांना घरं सोडून निघावं लागलं. अशा दोन देशांतल्या माणसांनी एकमेकांशी कुणाच्या भाषेत बोलायचं? यांनी दोघांनीही अर्धा अर्धा रस्ता चालायचं ठरवलं.

मी आजींना विनोबांबद्दल सांगितलं, की आमच्याकडचे एक संत भूदानासाठी देशभर पायी फिरत होते तेव्हा त्यांनी एस्पेरांतो शिकायला घेतली होती. त्यांनी वहीत नाव लिहून घेतलं, आधी 'विनोबा', आणि मला विचारून खाली देवनागरीतही.

नंतर टेकडीवरचा वेल्फेन घराण्याचा राजवाडा बघितला, लाकडी चौकटींचा, मोठा आणि सुंदर. १६२९ मध्ये इथे जन्मलेल्या एर्न्स्ट ऑगस्टचा मुलगा पुढे ब्रिटनचा राजा पहिला जॉर्ज झाला. जवळच्या शार्त्सफेल्डची आइनहॉर्न गुहा मात्र राहिली, निअँडरथल माणसाने साधारण ५१ हजार वर्षांपूर्वी नक्षी कोरलेलं हरणाचं हाड सापडलं ती. तिच्यासाठी परत जाणार आहे.

आजी स्टेशनपर्यंत सोडायला आल्या होत्या. ट्रेनचं दार बंद व्हायच्या आत मी म्हटलं, "जिस ला रेविदो!" म्हणजे पुन्हा भेटेपर्यंत. त्यांनी हात हलवत विचारलं, "कियाम?"

मी म्हटलं, "केव्हा? लवकरच!"