आमची वाटचाल : आरएक्सच्या चेन सेटपासून इलेक्ट्रिक डर्ट बाईकच्या गिअरिंगपर्यंत

फोनवर बरेच जण विचारतात की भोसरीतल्या एका गाळ्यात इलेक्ट्रिक मोटोक्रॉस बाईकचे स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चकत्या) कसे काय बनायला लागले, आणि दोघा-तिघांनी तर तोंडावर विचारलं की तुम्ही त्या अमक्यांचं डिझाईन उचललंत का. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. कुणी कुणाचं उचललं ते पुढे येईलच.

सुरुवात यामाहाच्या आरएक्स हंड्रेडची. गाडी १९९६ ला बंद झाली पण पुण्यातून ती कधी गेलीच नाही, डर्ट रेसची पोरं तीच घ्यायची, हलकी करायची आणि आमच्याकडे यायची की मागचं स्प्रॉकेट दोन दात वाढवून द्या, पिकअप पाहिजे. तेव्हा आमच्याकडे एक लेथ, एक ड्रिलिंग आणि लिलावातनं घेतलेली एचएमटीची दात कापायची हॉबिंग मशीन, बस. आणि मामा. मामा म्हणजे नात्यातले नाहीत, एका मोठ्या कंपनीच्या टूल रूममधून बाहेर पडलेले, पैशाची नाही पण कामाची पार्टनरशिप त्यांची. मशीनवरची चेंज गिअरची पाटी कधीच पुसली होती, कुठल्या दाताला कुठले गिअर बसवायचे ते सगळं मामांच्या वहीत. हॉब, म्हणजे दात कापायचं हत्यार, तेलकट फडक्यात गुंडाळून लाकडी पेटीत, आणि त्या पेटीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. हार्डनिंगहून माल आला की रॉकवेलला (कठीणपणा मोजायच्या मशीनला) लावायच्या आधी मामा दातावर कानस फिरवायचे. कानस घसरली तर माल पास, धरली तर पोतं बांधून परत. रॉकवेलनं मामांना खोटं पाडलेलं मी तरी बघितलं नाही.

मधली बरीच वर्षं चेन सेट, जॉबवर्क, शेतीच्या मशीनचे गिअर असं नीट चाललं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

इलेक्ट्रिकमध्ये आम्हाला ओढलं ते सासवडच्या दादांनी. दादांची मुरमाड टेकडी आहे, तिथे त्यांनी पोरांना शिकवायला ट्रॅक केलाय, त्यांनी बाहेरून सरॉन कंपनीच्या लाईट बी या इलेक्ट्रिक डर्ट बाईक आणल्या. मला फोन, म्हणाले, "भाऊ, पिकअप भारी आहे, पण चढाला दोन-चार चकरा झाल्या की मोटर तापते आणि कंट्रोलर पॉवर तोडतो, बॅटरीचा लोचा आहे का?" मी आणि मामा गेलो. पुढच्या स्प्रॉकेटला १४ दात, मागच्याला ४८, चेन ४२० नंबरची. बॅटरीला काही झालेलं नव्हतं, गिअरिंग त्या ट्रॅकचं नव्हतं.

पेट्रोल गाडीवाल्यांना हे लवकर पटत नाही. पेट्रोलला पाच-सहा गिअर असतात, चढाला एक खाली टाकला, क्लच थोडा सरकवला, काम झालं. इलेक्ट्रिकला एकच रेशो, क्लच नाही, आणि मोटर शून्य आरपीएमपासूनच पूर्ण टॉर्क देते म्हणून लोकांना वाटतं गिअरिंगची गरजच नाही. गरज जास्तच आहे. मोटरचा टॉर्क करंटवर आणि कॉइलमधली उष्णता करंटच्या वर्गावर. मागे ४८ च्या जागी ५४ दात केले की चाकावर तेवढाच जोर द्यायला करंट ११ टक्क्यांनी कमी लागतो, पण उष्णता २१ टक्क्यांनी कमी होते. टॉप स्पीड जातो, ७० ची गाडी ६२ ला येते, पण सासवडच्या टेकडीवर ७० पळवायची कुठे? दादांना ५४ चं करून दिलं, पॉवर तुटायची थांबली. तेव्हापासून दादांनी दुसरीकडून एक बोल्टसुद्धा घेतला नाही, आणि वाईट काळात त्या माणसानं काय केलं ते सांगतोच.

मग ती मोठी ऑर्डर आली. कंपनीचं नाव घेत नाही, इलेक्ट्रिक डर्ट बाईक बनवणार होते, ऑफिस एकदम चकाचक, पोरं हुशार, बोलायला गोड. त्यांची गाडी ४२८ चेनची. पुढचं स्प्रॉकेट २०एमएनसीआर५ स्टीलमध्ये, कार्ब्युराईज करून म्हणजे वरचा थर कडक करून, मागचं ईएन८ स्टीलचं, दात इंडक्शननं तापवून हार्ड. मुरूम-चिखल अडकू नये म्हणून दातांखाली स्लॉट दिले, ते स्लॉट किती खोल असावेत हे मामांनी पावसाळ्यात सासवडला गाडी चालवून घेऊन ठरवलं. पीस मशीनवर धरायची फिक्श्चर आमच्या खर्चानं, कारण "व्हॉल्यूम येतोय ना". बँकेकडून सीसी लिमिट (खेळत्या भांडवलाची मर्यादा) वाढवून घेतलं, नवीन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन) हप्त्यावर घेतली.

पहिला लॉट गेला आणि महिन्यात डेबिट नोट, म्हणजे बिलातून पैसे कापल्याची चिठ्ठी. म्हणे दात झिजतात, तुमचं हीट ट्रीटमेंट कच्चं. मी झिजलेले पीस परत मागवले, कापून तपासले, हार्डनेस ड्रॉइंगप्रमाणे बरोबर होता. पण दात दोन्ही बाजूंनी झिजलेले. साध्या गाडीत स्प्रॉकेट एका बाजूनंच खातं, जिकडून ओढ असते तिकडून. दोन्हीकडून खाल्लं याचा अर्थ रीजन, म्हणजे रीजनरेटिव्ह ब्रेकिंग. थ्रॉटल सोडला की मोटर ब्रेक लावते, मग चेनची वरची बाजू ढिली आणि खालची ताठ, परत थ्रॉटल दिला की उलटं. त्यांच्या कंट्रोलरमध्ये दोन्ही एकदम झटक्यात यायचं, रॅम्प, म्हणजे हळूहळू चढउतार, दिलेलाच नव्हता, आणि डर्ट बाईकच्या मागच्या हबमध्ये रोडच्या गाडीसारखं झटका झेलणारं रबर नसतं, त्यामुळे प्रत्येक झटका सरळ दातावर. पेट्रोलमध्ये तो क्लच खातो, इथे खायला कुणी नाही. मी त्यांना फोटोसकट लिहून दिलं की थ्रॉटल उघडतानाचा टॉर्क थोडा चढत्या भाजणीत द्या, रीजन हळू आणा, रायडरला काही कळणार नाही पण चेन सेट टिकेल. उत्तर आलं की सॉफ्टवेअर फायनल आहे, तुम्ही मटेरियल सुधारा.

तेवढ्यात आमच्याच लाईनीतला एक पुढे आला. त्याचंही नाव घेत नाही, त्याला माहीत आहे. आमच्याकडनंच सेटिंग शिकून गेलेला माणूस. आमचा स्लॉटवाला पीस जसाच्या तसा स्कॅन करून लेझरवर कापला, हार्डनिंग नाही, वरून काळा कोट, आणि आमच्या निम्म्या भावात. कंपनीनं ऑर्डर त्याला दिली आणि आमचं बिल डेबिट नोटच्या नावाखाली अडकवलं. एवढ्यावर तो थांबला नाही, तोच ४२८ चा प्रोफाईल जाडी कमी करून ४२० म्हणून लाईट बीवाल्यांना विकायला लागला. आता धंद्यातल्या माणसाला हे सांगायला नको, पिच, म्हणजे चेनच्या दोन पिनांमधलं अंतर, दोन्हीला १२.७ मिमीच, पण रोलर ४२८ चा ८.५१ आणि ४२० चा ७.७७. रोलर त्या खोबणीत नीट बसणारच नाही, ठोकत राहणार. आणि ते तुटकं स्प्रॉकेट घेऊन लोक आमच्याकडे येतात की तुमचंच डिझाईन ना हे! मला अजून राग येतो, येणारच.

ते वर्ष फार वाईट गेलं. व्हीएमसीचा हप्ता थकला, बँकेचा माणूस गाळ्यावर येऊन बसायला लागला, एनपीए (बुडीत कर्ज) हा शब्द घरात पोरांनी पण ऐकला. जुना लेथ विकला. बायकोनं दागिने गहाण ठेवले, हे लिहू नका म्हणाली होती पण लिहितो. मामांनी पगार घेतला नाही, वर स्वतःच्या वहीची झेरॉक्स काढून मला दिली, म्हणाले उद्या मी नसलो तर मशीन बंद पडायला नको. आणि सासवडचे दादा एका संध्याकाळी आले, पुढच्या दोन सीझनच्या स्प्रॉकेटचे पैसे आगाऊ ठेवून गेले, चलन नाही, पावती नाही. त्या पैशातून हप्ता गेला आणि व्हीएमसी वाचली.

इथे लहान कारखानदारांना एक सांगतो, कुणी विचारलं नसलं तरी. २००६ च्या एमएसएमई कायद्यात पेमेंट ४५ दिवसांत द्यावं लागतं, उद्यम नोंदणी आधीच करून ठेवा, नंबर बिलावर छापा, आणि पीओमध्ये (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) फिक्श्चरचा खर्च वेगळा लिहून घ्या. थकलेल्या बिलांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करायला लाजू नका, मोठा ग्राहक जाईल म्हणून गप्प बसता आणि तो जातोच. आमची तक्रार केली, काही रक्कम आली, सगळी नाही.

मग हळूहळू सावरलो. जानेवारी २०२४ ला बालेवाडीत सुपरक्रॉस लीगची पहिली रेस झाली, गाड्या पेट्रोलच्याच होत्या, पण त्यानंतर पोरांच्या आईबापांचे फोन वाढले. मार्च २०२५ मध्ये अल्ट्राव्हायोलेट कंपनीनं शॉकवेव्ह ही इलेक्ट्रिक बाईक दाखवली, १२० किलोची, तेव्हा जे आम्हाला खेळणी बनवता का म्हणायचे ते पण चौकशी करायला लागले. तिकडे बार्सिलोनाच्या स्टार्क कंपनीची वार्ग ही इलेक्ट्रिक मोटोक्रॉस बाईक ८० हॉर्सपॉवर देते आणि पॉवर, इंजिन ब्रेकिंग सगळं फोनवरून सेट होतं, म्हणजे मी त्या कंपनीला जे लिहून दिलं होतं तेच, रायडरच्या हातात. हे वाचून मामा दिवसभर खूश होते.

आता गिअरिंगचं थोडं, कारण रोज तेच विचारतात. पुढचं लहान करायला स्वस्त पडतं म्हणून सगळे १४ काढून १२ टाकतात. १२-४८ आणि १४-५६ दोन्हीचा रेशो ४ च, पण १२ ला चेनवरची ओढ तेवढ्याच टॉर्कला १६ टक्क्यांनी जास्त, आणि दात कमी म्हणून चेन धक्के देत फिरते, १४ ला वेगातला चढउतार अडीच टक्के, १२ ला जवळपास साडेतीन. इलेक्ट्रिकमध्ये इंजिनचा आवाज नाही, त्यामुळे हे हँडलवर आणि कानाला लगेच कळतं. म्हणून शक्यतो मागे वाढवा. फक्त ५६ चं स्प्रॉकेट ४८ पेक्षा १६ मिमी जास्त खाली लोंबतं, दगडाचा ट्रॅक असेल तर गार्ड लावा, आणि चेनला चार लिंक जास्त घ्या. बेल्टची प्रायमरी (मोटरपासून पुढच्या स्प्रॉकेटपर्यंतची जोडणी) काढून चेनची टाकायची फॅशन आलीय, बेल्ट तुटतो हे खरं, पण झटका थोडाफार झेलणारी तीच एक वस्तू आहे, ती काढणार असाल तर आधी कंट्रोलरचा रॅम्प सौम्य करून घ्या. चेनचा ढिलेपणा स्टँडवर बघू नका, सस्पेन्शन दाबून पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की तिथे बघा, तिथेच चेन सगळ्यात ताठ असते. आणि जुन्या चेनवर नवं स्प्रॉकेट मागू नका. २० पिच मोजा, नवी २५४ मिमी भरते, २५९ च्या वर गेली की चेन टाकून द्या, नाहीतर महिन्यात आम्हालाच शिव्या द्याल.

मामा अजून येतात, दुपारपर्यंत. हॉबिंगवर आता त्यांनी शिकवलेली दोन पोरं आहेत, त्यातली एक मुलगी आहे आणि सेटिंगला ती सगळ्यात पक्की. सध्या ५२० चेनचा हॉब मागवलाय, मोठ्या गाड्यांसाठी, ७०७५ ॲल्युमिनियममध्ये मागचं आणि स्टीलचं पुढचं असा सेट करतोय, ट्रायल अर्थातच सासवडला. ऑर्डरला फोन करताना चेन नंबर, पुढचे-मागचे दात, बोल्टची पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) आणि मधलं भोक कॅलिपरनं मोजून ठेवा, टेपनं नको. शक्य असेल तर जुन्या स्प्रॉकेटच्या दातांचे दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा, गाडीचं रीजन किती कडक आहे ते मला त्यावरूनच कळतं.