मुकुटाची मागची बाजू

वाढदिवस होऊन गेला, पाहुणे गेले, फ्रीजमधला केकही संपला. माझा मुकुट, म्हणजे मुकुटाच्या आकाराचा जुना ब्रोच, मात्र अजून टेबलावरच आहे, नव्या मखमली डबीत. कपाटात ठेवायला हात होत नाही.

नवऱ्याने तो उजळून आणला. मला न सांगता ट्रेमधून काढला, सराफाकडे टाकला आणि केक कापल्यावर सगळ्यांसमोर हातात दिला. "बघ, नव्यासारखा झाला." झालाय खरा. लख्ख. मी "किती छान" म्हटलं, लगेच पदरावर लावला, फोटोही काढून घेतले. नंतर न्हाणीघरात जाऊन काढला आणि उलटा करून पाहिला.

तेव्हापासून काहीतरी बिनसलंय. पैशांचं म्हणाल तर ते नाही. म्हणजे तेही आहेच. मुलामा मूळचा आहे की नंतर चढवलेला, हे जाणकार आधी बघतात, आणि ट्रायफारी या खोटे दागिने बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या ब्रोचला पुन्हा पाणी दिलं की पूर्वीची किंमत येत नाही. पण मी तो विकायला कुठे घेतला होता?

ट्रायफारीचे मुकुट म्हणजे आल्फ्रेड फिलिपची करामत. आधी कार्टिए आणि व्हॅन क्लीफ या बड्या जवाहिऱ्यांसाठी खरी रत्नं हाताळलेला माणूस 1930 मध्ये ट्रायफारीत आला आणि काचेच्या खड्यांनाही तीच शिस्त लावली. कोंदण तसंच, तोल तसाच. माझा मुकुट युद्धकाळातला. 1942 नंतर साधे धातू युद्धाच्या कामाकडे वळले, दागिन्यांना मिळेनात, म्हणून या लोकांनी चांदी वापरली आणि वर सोन्याचं पाणी दिलं. त्यामुळे खोट्या दागिन्याच्या पाठीवर "स्टर्लिंग" असा खऱ्या चांदीचा शिक्का! पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा त्याचं वजनच जाणवलं होतं. पुढे लाल, निळे, हिरवे घुमटदार खडे, मधून बारीक पांढरे.

पुढची बाजू सगळेच बघतात. मी बघायचे ती मागची. टाचणी जिथे कडीत अडकते, तिथे शेजारीच अर्ध्या चण्याएवढ्या जागेतलं सोनं झिजून खालची चांदी उघडी पडली होती. ब्रोच लावताना अंगठा तिथेच टेकतो, माझाही तिथेच टेकायचा. कुणीतरी बाई हा मुकुट कोटावर लावत होती, काढत होती, वर्षानुवर्षं. एकदोनदा लावून तेवढं सोनं जात नाही. ती कोण, कुठली, मला कधीच कळणार नाही. युद्धावर गेलेलं तिचं माणूस परत आलं का, तेही नाही. पण ती होती, याचा तेवढा पुरावा माझ्या हातात होता.

आता तिथे एकसारखं पिवळं सोनं आहे. अंगठा घसरतो.

एवढ्याशा गोष्टीसाठी डोळ्यांत पाणी यावं का? लेकीने विचारलं, "आई, आवडलं नाही का तुला?" मी कांदा चिरत होते, ते बरं झालं. मला वाटत राहिलं की या घरात माझं असं काहीच नाही, ज्याला हात लावण्याआधी कुणी विचारेल. हे खरं नाही, मला माहीत आहे. तरी दोन रात्री ते खरंच वाटत होतं.

वहिनीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, अगं, उजळून दिलाय ना, मोडून तर नाही ना आणला. तिचंही बरोबर. आमच्याकडे दिवाळीच्या आधी पाटल्या, तोडे, ठुशी सगळं सराफाकडे जायचं. आई समोर बसून वजन करून द्यायची आणि परत घेताना किती घट आली ते बघायची. उजळणं म्हणजे जपणं, हे तिथेच शिकलो आम्ही दोघं भावंडं. आईची ठुशी आता कुणाकडे आहे, ते आज लिहायचं नाही.

पण पाटली आतून बाहेरून सोन्याची. घासली तरी खाली सोनंच. इथे सोनं म्हणजे नुसतं पाणी. सराफाने आधी बफ मारला असणार, म्हणजे चाकावर घासून चकाकवला असणार, त्यात उरलंसुरलं गेलं आणि शिक्क्याची अक्षरंही बोथट झाली. मग धुतला असणार, कारण दोन बारीक खडे करडे पडलेत. त्यांच्या मागचा चंदेरी वर्ख ओल शिरली की मरतो आणि खडा विझतो. त्यावर इलाज नाही, खडाच बदलावा लागतो. 1980 च्या दशकात ट्रायफारीने हेच मुकुट पुन्हा काढले होते, चांदीविना, चकचकीत. काल भिंग लावून बघताना वाटलं, लांबून हा आता त्यांच्यातलाच दिसतो.

आणि तरी.

आज सकाळी शेजारची आली होती. तिला तो सांगत होता, मेमी आयझेनहॉवरने 1953 च्या शपथविधीच्या नृत्यसमारंभाला मुद्दाम ट्रायफारीचे खोटे मोती बनवून घेतले, राष्ट्राध्यक्षांच्या बायकोने, आणि घडवणारा हाच फिलिप. माझीच गोष्ट, माझ्यापेक्षा रंगवून. मुकुट तिच्या हातात देताना त्याने तो दोन बोटांनी कडेने धरला होता, मी धरते तसा. हे मी त्याला कधी शिकवलं नव्हतं. बघून बघूनच आलं असणार.

मी स्वयंपाकघरातून बघत राहिले. राग शोधला तर सापडेना. वाईट अजून वाटतंय, ते वाटणारच. त्या बाईची खूण गेली, ती काही केल्या परत येत नाही. पण झिजवलं तेही वापरणाऱ्या हाताने, आणि उजळलं तेही माझ्यासाठी काहीतरी करावं म्हणून निघालेल्या हाताने. मी दोन्ही एकाच दागिन्यावर बाळगू शकते. बाळगीन.

करडे खडे बदलायचे नाहीत. पूर्वी झिजेल म्हणून सणालाच लावत असे, आता रोजच्या जाकिटावर लावणार.

मे महिन्यात ब्रिमफील्डच्या जुन्या वस्तूंच्या बाजाराला जायचं ठरलंय, त्याने रजा टाकलीसुद्धा. त्याआधी माझ्याकडच्या मिरियम हॅस्केलच्या हाराबद्दल बोलायला हवं, तीही अशाच खोट्या दागिन्यांसाठी नावाजलेली अमेरिकन बाई. त्यातले बारीक मोती पितळी जाळीवर तारेने एकेक करून हाताने बांधलेले आहेत, मोत्यांवरचा थर पाण्याने सुटतो, आणि मागे सही नाही म्हणून तो बनावट ठरत नाही, 1940 च्या दशकाअखेरपर्यंत ती बाई बहुतेक दागिन्यांवर सही घालतच नव्हती. हे सगळं जेवताना सांगते. परवाच म्हणत होता, डिसेंबरात पुण्याला जाऊ तेव्हा तो हार लक्ष्मी रोडवर नव्याने गाठवून आणू.