तुम्ही विचारलंत म्हणून: ओरिजिनल परफ्यूम घ्यावं की ‘टाइप’?

‘वास तर सारखाच येतो, मग ओरिजिनलला एवढे पैसे कशाला घालायचे?’ माझं कपाट उघडं दिसलं की हे कुणीतरी विचारतंच. भाचा तर दर दिवाळीला विचारतो. म्हणून मागच्या रविवारी डाव्या मनगटावर डेव्हिडॉफचं कूल वॉटर मारलं, उजव्यावर मोहम्मद अली रोडच्या अत्तरवाल्याकडून आणलेलं ‘कूल वॉटर टाइप’, म्हणजे त्याच वासाची नक्कल केलेलं अत्तर, लावलं आणि दिवसभर दोन्ही हात हुंगत राहिलो.

पहिली दहा मिनिटं मलाही फरक सांगता आला नसता. परफ्यूमर पिएर बुर्दों यांनी १९८८ साली कूल वॉटर उभं केलं ते डायहायड्रोमिर्सेनॉल या सुगंधी रसायनाच्या जिवावर. नुकत्या धुतलेल्या शर्टावर लिंबाची साल पिळावी, तसा याचा गारवा. साबण-डिटर्जंटातही हेच द्रव्य असतं, त्यामुळे नक्कल करणाऱ्याला ते सहज मिळतं.

खरी गंमत पुढे आहे. डावीकडचा पुदिना अर्ध्या तासात उडाला, लव्हेंडर मऊ होत गेलं आणि जेवून उठलो तेव्हा मनगटाला कोरड्या लाकडाचा, जरासा तंबाखूचा वास होता. सकाळचं परफ्यूम हेच, यावर विश्वास बसू नये इतका निराळा. त्या दुपारच्या वासासाठी मी पैसे मोजतो. उजवीकडे सकाळचाच सूर होता, फक्त गोडसर झालेला.

पण टिकलं उजवीकडचंच. रात्री साडेनऊला डावा हात कोरा होता, उजवा अजून दरवळत होता. त्यात अल्कोहोल नाही, सगळं तेलात. ते सावकाश उडतं. मे महिन्यात लोकलने रोज जाणाऱ्याने ‘टाइप’ बिनधास्त लावावं. त्यात चोरीही नाही. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानेच २००६ साली परफ्यूमच्या वासाला कॉपीराइट नाकारला.

हुबेहूब बाटली, तेच नाव आणि निम्मी किंमत असेल, तर मात्र हात लावू नका. ती नक्कल नाही, फसवणूक आहे. तसली एक मी घेतली होती. दोन दिवस मानेवर लाल चट्टे होते.

आणि दुकानात कागदाच्या पट्टीवर हुंगून ठरवू नका. मनगटावर घ्या, बाहेर पडा, जेवण करा, मग परत हुंगा. भाच्याला दोन्हीच्या छोट्या कुप्या भरून दिल्यात. दुपारी चारला फोन कर म्हटलंय.